अडीच गुंठे आणि साडेसोळा तासांचा दिवस

मे महिन्यात इंग्लंडला गेलेल्या मराठी माणसाला तिथली हिरवाई पाहून वाटतं, की आता भाज्यांची लयलूट असणार. कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर असतो, गवत गुडघ्याला लागतं, झाडं कोवळ्या पालवीनं भरून गेलेली असतात. पण शहरांच्या कडेला, रेल्वेमार्गांच्या बाजूला ज्या अलॉटमेंट असतात, म्हणजे लोकांनी भाड्यानं घेतलेले भाजीपाल्याचे तुकडे, तिथे नेमके हेच दिवस वर्षातले सर्वांत रिकामे असतात. हिवाळाभर तग धरलेली लीक, केल, ब्रसेल्स स्प्राउट्स एप्रिलमध्ये फुलावर येऊन संपतात आणि नव्या पेरणीतलं अजून काहीच खाण्याजोगं झालेलं नसतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या या काळाला तिकडे ‘हंग्री गॅप’ म्हणतात. आज सुपरमार्केटमध्ये स्पेन-मोरोक्कोचा माल असतो, म्हणून हा काळ कुणाच्या पोटाला लागत नाही. परसातल्या भाजीवर जगणाऱ्या गरीब घरांना मात्र तो खरोखरच उपासाचा होता.

बाहेर एवढं हिरवं असताना ताट रिकामं का, याचं उत्तर सूर्य आणि माती यांच्या चालीत आहे. लंडन साधारण ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे १ मे रोजी दिवस सुमारे पावणेपंधरा तासांचा असतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातही जवळपास तेवढाच. उजेड सारखा, पण ऊब अजिबात सारखी नाही. ऑगस्टमध्ये दुपारी बावीस-तेवीस अंश सहज असतात, मेच्या सुरुवातीला सोळा-सतरा, आणि रात्री आकाश निरभ्र राहिलं तर पहाटे दव गोठूही शकतं. भोवतालचा समुद्र आणि हिवाळ्यात गारठलेली ओली माती सावकाश तापतात. प्रकाश धावत पुढे जातो आणि ऊब पाच-सहा आठवडे मागे राहते. ब्रिटनमधला भाजी लावणारा माणूस एप्रिल ते जुलै जे काही करतो, ते सगळं या अंतराशी जुळवून घेण्यासाठी असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भाजीवाल्याची झुंज उन्हाशी आणि पाण्याशी असते. तिकडे ती थंड मातीशी आणि मागाहून अतिलांब दिवसाशी असते.

आधी हा तुकडा म्हणजे काय ते सांगतो. अलॉटमेंटचं पारंपरिक माप दहा रॉड, म्हणजे ३०२.५ चौरस यार्ड. आपला एक गुंठा १२१ चौरस यार्डांचा. गणित करून पाहिलं तर दहा रॉड म्हणजे बरोबर अडीच गुंठे येतात, कमी नाही की जास्त नाही, कारण दोन्ही मापं एकाच इंग्रजी एकराचे भाग आहेत. चार जणांच्या घराला वर्षाचा बराचसा भाजीपाला पुरवण्याइतकी ही जमीन आहे. आज बरेच जण अर्धाच तुकडा घेतात, आणि नोकरी सांभाळून तेवढाही पुरेसा कष्टाचा असतो.

या तुकड्यांमागे मोठा इतिहास आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली सामाईक कुरणं आणि गायरानं एकामागून एक कुंपणात गेली, खासगी झाली. गाय चारायची, सरपण गोळा करायचं, थोडं पिकवायचं, हे गावच्या मजुरांचे हक्क त्यांच्यासोबत गेले. त्याची तुटपुंजी भरपाई म्हणून भाजीसाठी जमिनीचे तुकडे देण्याची पद्धत सुरू झाली. १८४५ च्या कायद्यात अशा तुकड्यांची तरतूद आली आणि १९०८ च्या ‘स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स’ कायद्यानं मागणी असेल तिथे तुकडे पुरवणं हे स्थानिक कौन्सिलचं कर्तव्य ठरलं. १९२२ च्या कायद्यानं व्याख्या केली : चाळीस रॉडपेक्षा, म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा मोठा नाही, आणि मुख्यतः कसणाऱ्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी-फळं पिकवायची. १९२५ च्या कायद्यानं यासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीविना विकायला बंदी केली. १९५० मध्ये तिथे कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहिमेत अलॉटमेंटची संख्या सुमारे आठ लाखांवरून चौदा लाखांपर्यंत गेली. लंडनच्या टॉवरभोवतीच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाज्या लावल्या गेल्या. आता देशभरात सव्वातीन लाखांच्या आसपास तुकडे उरले आहेत आणि अनेक शहरांत प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे. कायदा पाठीशी नसता तर घरबांधणीच्या रेट्यात यातले निम्मेही टिकले नसते, असं मला वाटतं.

आता मातीकडे येऊ. वाफसा हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या जितका उपयोगाचा, तितकाच तिकडच्या बागवाल्याच्या. इंग्लंडच्या दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे आणि हिवाळाभर ती पाण्यानं गच्च असते. मूठभर माती दाबून सोडली आणि ती भुरभुरली तर पेरायचं, लगदाच राहिला तर थांबायचं. पण नुसता वाफसा पुरत नाही, तापमानही बघावं लागतं. वाटाणा आणि बाकला पाच अंशांच्या मातीतही उगवतात. गाजर, बीट, लेट्यूस यांना सातच्या आसपास लागतं. फरसबी, मका यांना दहा-बारा, आणि कोर्जेट म्हणजे झुकिनीला त्याहून जास्त. अननुभवी माणूस एप्रिलच्या पहिल्या उबदार रविवारी सगळी पाकिटं फोडतो. हवा अठरा अंशांची असते, पण बोटभर खाली माती आठच अंशांवर असते. घेवड्याचं बी तिथे पडून राहतं, फुगतं आणि कुजतं. तीन आठवड्यांनी पेरलेलं बी अनेकदा त्याच्या पुढे निघून जातं. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर हे तिकडच्या बागेतलं मला सर्वांत शहाणपणाचं अवजार वाटतं.

घाई करायचीच असेल तर ती घरात करतात. एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या कितीतरी घरांच्या खिडक्यांच्या फळ्या टोमॅटो, कोर्जेट, भोपळा आणि मक्याच्या रोपांनी भरलेल्या असतात. उजेड भरपूर आहे पण बाहेर ऊब नाही, तेव्हा काचेमागे दोन्ही एकत्र मिळवायची, हा त्यातला विचार. मात्र अशी लाडाची रोपं थेट बाहेर नेली तर पानं पांढरी पडतात, खोड वाऱ्यानं मोडतं. म्हणून आठ-दहा दिवस ती दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून काटक करतात. दक्षिण इंग्लंडमध्ये दव गोठण्याचा धोका मेच्या मध्यापर्यंत आणि कधीकधी त्यापुढेही राहतो. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये तो जूनला टेकतो. त्यामुळे मेच्या अखेरीपर्यंत थंडी न सोसणारं काहीही उघड्यावर कायमचं लावायचं नाही, हा जुन्या मंडळींचा नियम आहे. हवामान बदलत असलं तरी तो अजून मोडीत निघालेला नाही. २०२५ चा वसंत ब्रिटनमधला नोंदींतला सर्वांत उबदार आणि सर्वाधिक उन्हाचा ठरला, पण तीन महिन्यांची सरासरी कितीही वर गेली तरी भोपळ्याचं रोप मारायला गोठणारी एक पहाट पुरते.

या सगळ्यात बटाट्याची गोष्ट सर्वांत बोलकी आहे, म्हणून जरा तिथे थांबतो. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला, विषुववृत्ताजवळचा. तिथे बाराही महिने दिवस जवळपास बारा तासांचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोपात आला तेव्हा उन्हाळ्याच्या लांब दिवसांत नुसता पाला वाढवत बसायचा. दिवस आखूड होत शरद आला, की मग कुठे जमिनीखाली गड्डे धरायचा, आणि तोवर थंडी दाराशी आलेली असायची. पिढ्यानपिढ्या लोकांनी त्यातली लवकर पोसणारी झाडं निवडली, चिलीच्या दक्षिणेकडल्या लांब दिवसांना सरावलेल्या जाती पुढे त्यात मिसळल्या, तेव्हा आजचा युरोपीय बटाटा तयार झाला. अलॉटमेंटवरच्या प्रत्येक बटाट्याच्या ओळीत उजेडाशी झालेली ही तडजोड आहे.

बटाट्याचं बेणं फेब्रुवारीपासून अंड्यांच्या ट्रेमध्ये, थंड पण उजेडाच्या जागी मोड आणायला ठेवतात. मोड जाड, आखूड, हिरवट-जांभळे हवेत. अंधारात आलेले लांब पांढरे मोड हाताळतानाच मोडून पडतात. लवकर येणाऱ्या जाती, उदाहरणार्थ अरान पायलट किंवा स्विफ्ट, मार्चअखेर लावतात. जुन्या रिवाजानं हा मुहूर्त गुड फ्रायडेचा. शार्लटसारख्या मधल्या जाती एप्रिलच्या पूर्वार्धात, आणि किंग एडवर्ड, मॅरिस पायपर यांसारख्या साठवणीच्या जाती एप्रिलच्या उत्तरार्धात जमिनीत जातात. मेच्या सुरुवातीला कोंब वर आले, की नेमका गोठणाऱ्या रात्रींचा काळ असतो. त्यावर उपाय म्हणजे मातीची भर. कोंब दिसला, की दोन्ही बाजूंनी माती ओढून तो जवळजवळ झाकायचा, पुन्हा वर आला, की पुन्हा. यानं थंडी अडते, खोडावर गड्ड्यांना जास्त जागा मिळते आणि गड्डे उघडे पडून हिरवे होत नाहीत. हिरव्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, म्हणून तो खायचा नसतो. एखाद्या रात्री पानं काळी पडलीच तर झाड मरत नाही. बेण्यात साठा असतो, नवे कोंब येतात, फक्त काढणी दोन-तीन आठवडे पुढे जाते.

लावल्यापासून दहा-बारा आठवड्यांनी, फुलं उमलली, की जूनच्या मध्यापासून लवकरचे बटाटे काढायला येतात. साल नखानं निघते, चव खमंग-गोडसर असते, आणि ते त्याच दिवशी खाण्यात अर्थ आहे. आपल्याकडे बटाटा म्हणजे बाराही महिने टोपलीत असणारी वस्तू. ताजा उपटलेला बटाटा ही ऋतूतली मेजवानी असते हे कळायला असा एखादा वाफा पाहावा लागतो.

भुकेच्या काळातला पहिला दिलासा मात्र बटाट्याआधी येतो. शतावरीच्या कुळातला अॅस्पॅरॅगस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जमिनीतून वर येतो आणि २१ जूनच्या सुमारास त्याची तोडणी थांबवतात. पुढचे कोंब वाढू दिले, त्यांचा पिसाऱ्यासारखा पाला उन्हात राहिला, तरच मुळात पुढच्या वर्षाची शिदोरी साठते. लावल्यावर पहिली दोन वर्षं तर एकही कोंब तोडायचा नसतो. हा संयम ज्यांना जमतो त्यांना तोच वाफा वीस वर्षंही पुरतो. दुसरा दिलासा ऱ्हुबार्बचा. त्याचे आंबट देठ साखर घालून शिजवतात, पानं मात्र ऑक्झॅलिक आम्लामुळे विषारी असतात. तिसरा बाकल्याचा, म्हणजे ब्रॉड बीनचा. नोव्हेंबरमध्ये पेरलेला आक्वाडुल्चे क्लॉडिया जातीचा बाकला हिवाळा बोटभर उंचीवर काढतो आणि जूनच्या सुरुवातीला शेंगा देतो. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मेमध्ये काळा मावा जमतो. खालच्या शेंगा धरल्या, की शेंडे खुडून टाकतात. माव्याचा अड्डा जातो, झाडाचा जोर शेंगांकडे वळतो, आणि मावा नसलेले शेंडे पालेभाजीसारखे शिजवून खाता येतात. फवारणीपेक्षा हा उपाय कितीतरी सरस.

इंग्रजी अलॉटमेंटची ओळख ज्यानं होते तो रनर बीन मेच्या मध्यानंतरच जमिनीत उतरतो. हा आपल्या घेवड्याचा भाऊबंद, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या थंड डोंगराळ भागातला. आठ फुटी बांबूंचा मांडव किंवा शंकू करून त्यावर तो चढवतात. लाल फुलं इतकी देखणी, की इंग्लंडमध्ये तो प्रथम शोभेसाठीच लावला गेला. भुंग्यांसारख्या मोठ्या बंबलबी त्याचं परागीभवन करतात. आखूड जिभेच्या काही जाती फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पळवतात आणि परागीभवन टाळतात. डोंगराळ मुळाची खूण त्याच्या स्वभावात अजून आहे. पारा तिशीपार गेला आणि माती कोरडी पडली, की फुलं गळतात, शेंग धरत नाही. म्हणून मांडवाखाली हिवाळ्यातच चर खणून त्यात कुजणारा पाला भरून ठेवतात, तो उन्हाळ्यात ओल धरतो.

जून उजाडला, की अडचण उलटी होते. आता माती उबदार झालेली असते आणि उजेड हाच प्रश्न होऊन बसतो. २१ जूनला लंडनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून थोडा मोठा असतो, एडिनबर्गमध्ये साडेसतरा. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. वनस्पती हा फरक पानांतल्या प्रकाशसंवेदी द्रव्यांनी मोजतात, आणि त्यावरून पोसायचं कधी, फुलायचं कधी ते ठरवतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा धडा कांदा आणि कोथिंबीर शिकवतात.

कांद्याचा गड्डा धरायला जातीनुसार ठरावीक लांबीचा दिवस लागतो. निफाडहून आलेल्या एन-२-४-१ सारख्या आपल्या रब्बी जाती साधारण बारा तासांच्या आत-बाहेरच्या दिवसांत पोसतात. ब्रिटनमधल्या जातींना चौदा-सोळा तास लागतात. नाशिकचं बी एप्रिलमध्ये इंग्लंडला पेरलं तर रोप चार पानांचं असतानाच त्याला दिवस पुरेसा लांब दिसतो, ते लगेच गड्डा धरतं आणि कांदा गोटीएवढा राहतो. उलट इंग्लंडची जात नाशिकला लावली तर हिवाळाभर नुसती पात वाढत राहते. कांद्याचं प्रत्येक पान म्हणजे आतला एक पापुद्रा, म्हणून २१ जूनच्या आसपास, पोसायला सुरुवात होताना झाडाला जितकी पानं जास्त, तितका कांदा मोठा. तिकडे मार्च-एप्रिलमध्येच लहान गड्ड्या लावण्याची घाई करतात ती यासाठी. मार्चमध्ये लावलेल्या कांद्यात एखाद्या थंड आठवड्यामुळे डेंगळे येतात, ते मोडून तो कांदा आधी वापरायचा, कारण तो साठवणीत टिकत नाही.

कोथिंबीर आणि पालक यांचं दुखणं याच जातीचं. मेमध्ये हौसेनं पेरलेली कोथिंबीर जूनच्या मध्याला जुडी बांधण्याआधीच फुलावर जाते. पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, असं लोक समजतात. उन्हाची काहिली आणि कोरडी माती हे घडायला मदत करतात हे खरं, पण मुख्य हुकूम लांब दिवसाचा असतो. उपाय दोन आहेत. दर दोन-तीन आठवड्यांनी हातभर जागेत थोडं थोडं पेरत राहायचं आणि पानं कोवळी असतानाच कापायची. किंवा मोठी पेरणी ऑगस्टच्या मध्यानंतर करायची. दिवस आखूड होत असतात, माती मात्र उन्हाळ्याची ऊब धरून असते, आणि कोथिंबीर ऑक्टोबरपर्यंत छान चालते. पालकाऐवजी जूनमध्ये चार्ड लावावा, तो बीटच्या घराण्यातला असल्यामुळे पहिल्या वर्षी सहसा फुलत नाही आणि पातळभाजीला उत्तम लागतो. मेथी मात्र या हवेत खुशीनं येते. मेपासून पेरायची, महिन्याभरात कापायची. तिकडच्या दुकानांत ती हिरवळीच्या खताचं बी म्हणूनही मिळते.

मिडलँड्समधल्या शहरांत, लेस्टर-बर्मिंगहॅमकडे, दक्षिण आशियाई आणि कॅरिबियन घरांनी अलॉटमेंटवर आपापली पिकं आणली आहेत. ‘गार्डन ऑर्गॅनिक’ या संस्थेनं अशा पिकांची आणि ती लावणाऱ्यांच्या अनुभवाची पद्धतशीर नोंद केली. त्यात दुधी, वाल, मेथी, हरभरा ही आपल्या ओळखीची मंडळी आहेत. दुधीला, कारल्याला, भेंडीला प्लॅस्टिकच्या बोगद्यासारखं आच्छादन किंवा काचघर लागतं. उघड्यावर केलेला प्रयत्न बहुधा पानांवरच थांबतो. सुरुवात करणाऱ्यानं भेंडीच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जमीन जे सहज देते ते आधी घ्यावं.

शत्रूंची यादी मोठी आहे. कबुतरं कोबी आणि वाटाणा फस्त करतात, त्यांना जाळीच हवी. गाजराची माशी विरळणी करताना येणाऱ्या वासावर येते. ती जमिनीलगत उडते, म्हणून दोन फूट उंच कापडाचा आडोसा तिला बऱ्यापैकी थोपवतो. पण खरा छळ बिनशंखाच्या गोगलगायींचा. ओल्या मेमध्ये रात्री लावलेली बारा रोपं सकाळी बारा दांडे होऊन उभी असतात. पूर्वी यावर मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या टाकत. पक्षी आणि सस्तन प्राण्यांना धोका असल्यामुळे २०२२ च्या एप्रिलपासून ग्रेट ब्रिटनमध्ये बाहेर त्यांच्या वापरावर बंदी आहे. त्याच वर्षी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं गोगलगायींना ‘उपद्रवी’ म्हणणं सोडलं, कारण त्यांच्या बहुतेक जाती बागेतल्या झाडांना हात लावत नाहीत, सडका पाला खातात. मला हा बदल योग्य वाटतो. रोपं थोडी मोठी करून लावणं, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी देणं, अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन त्या वेचणं, आणि माती पाच अंशांवर गेली, की सूक्ष्म सूत्रकृमी पाण्यातून सोडणं, एवढ्यानं बरंच निभावतं.

शेणखताबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. २००८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनभर अलॉटमेंटवरच्या बटाट्यांची, टोमॅटोंची, घेवड्याची पानं वळून नेच्यासारखी झाली. कारण निघालं अमायनोपायरॅलिड हे तणनाशक. कुरणावर ते फवारलेलं, गवत जनावरांनी खाल्लेलं, आणि ते न विघटता शेणातून बागेत आलेलं. तेव्हापासून अनोळखी ठिकाणचं खत आणलं, की आधी ते कुंडीत मातीत मिसळून त्यात बाकल्याचे चार दाणे पेरून पाहतात. पानं सरळ आली तरच खत वाफ्यावर. फुकट मिळालेल्या खतासाठी हे दोन-तीन आठवडे थांबणं फार मोलाचं आहे.

जूनमधल्या संध्याकाळी या जागांना रंगत येते. लंडनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे नोकरीहून आल्यावरही तीन तास काम होतं. कोरड्या सकाळी कोळपं फिरवलं, की उपटलेलं तण दुपारपर्यंत वाळून जातं. वेलवर्गीय बाइंडवीड आणि हॉर्सटेल यांना मात्र मुळाचा तुकडाही पुरतो, ती खणूनच काढावी लागतात. सॉमरसेटमधले चार्ल्स डाउडिंग अनेक वर्षं सांगत आहेत, की जमीन खणूच नका, दरवर्षी वर दोन इंच कंपोस्ट पसरा आणि गांडुळांना काम करू द्या. तण कमी उगवतं हा त्यांचा अनुभव पुष्कळांनी पडताळला आहे. याच महिन्यात पेन्सिलीएवढी झालेली लीकची रोपं वीतभर खोल भोकांत सोडून नुसतं पाणी ओततात. माती भरत नाहीत, ती हळूहळू स्वतः ढासळते आणि दांडा पांढरा होतो. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा मुळापर्यंत द्यावं. पुष्कळ ठिकाणी नळीला बंदी असते, टाकीतून झारी भरून वाहावी लागते, तेव्हा हा नियम आपोआप पाळला जातो.

जुलै लागता लागता करप्याचं भय सुरू होतं. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे त्याचं कारण, १८४५ नंतर आयर्लंडच्या महादुष्काळाला कारणीभूत झालेलं तेच. सलग दोन दिवस तापमान दहा अंशांखाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेतली आर्द्रता नव्वद टक्के किंवा जास्त राहिली, की धोक्याचा इशारा दिला जातो. २०१७ पासून वापरात आलेले हे ‘हटन निकष’ आहेत. पानांवर तपकिरी डाग दिसले, की पाला जमिनीलगत कापून काढतात आणि गड्डे दोन आठवडे तसेच जमिनीत ठेवतात, म्हणजे साल घट्ट होते आणि बीजाणू वरच्या मातीत मरतात. मार्चमध्ये लावलेला लवकरचा बटाटा या संकटाच्या आधीच ताटात गेलेला असतो. साठवणीचा बटाटा लावायचा असेल तर सार्पो मिरासारखी प्रतिकारक जात निवडावी.

इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. कौन्सिलकडे किंवा गावच्या पॅरिश कौन्सिलकडे आजच नाव नोंदवा, यादी कितीही लांब असली तरी. अर्धा तुकडा चालेल असं लिहा, नंबर लवकर लागण्याची शक्यता वाढते. आणि तुमच्या भागात जागाच नसेल तर १९०८ च्या कायद्याचं तेविसावं कलम वापरा. अलॉटमेंटची गरज आहे असं सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी कळवलं, तर कौन्सिलला ते विचारात घ्यावंच लागतं. मध्य लंडनच्या बरो या बंधनातून वगळल्या आहेत, बाकीच्यांना ते लागू आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदारयादीत नाव घालता येतं, त्यामुळे त्या सहांमध्ये तुम्हीही बसता.